तीस मात्रांचा श्रावण

प्रश्न : मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘ऋतुवर्णनपर कवितेचे रूपविश्लेषण’ असा प्रकल्प मिळालाय, शब्दमर्यादा १५००. बालकवींची ‘श्रावणमास’ घेतली, कारण लहानपणापासून पाठ आहे. पण आठ दिवस अडकून पडलोय. पहिल्या ओळीत २० अक्षरं, दुसरीत २२, पाचवीत १८, सहावीत २३. दुसरीत २२ आली तेव्हा मोठा अभंग असेल असं वाटलं (६-६-६-४), पण बाकीच्या ओळी बसेनात. मग ‘यमाताराजभानसलगं’ लावून गण (तीन-तीन अक्षरांचे गट) पाडले, तर प्रत्येक ओळीचे गण निराळे. मात्रा मोजल्या तर कुठे ३०, कुठे ३१, कुठे २९. मित्र म्हणतो, ‘मुक्तछंद’ लिही आणि मोकळा हो. शेवटच्या दोन ओळींचं यमक तर मला जुळलेलंच वाटत नाही, पण बालकवी चुकले असं कसं लिहू? वर सरांची तंबी आहे, ‘नुसतं वृत्ताचं नाव नको, विश्लेषण हवं.’ म्हणजे नक्की काय हवं?

उत्तर : आधी मित्राचा सल्ला बाजूला ठेवा. तुमची अक्षरांची मोजणी अगदी बरोबर आहे आणि उत्तर त्या आकड्यांतच आहे. कानाला सगळ्या ओळी सारख्या लांबीच्या वाटतात, अक्षरं मात्र १८ पासून २३ पर्यंत हेलकावतात. असं दिसलं की ते मात्रावृत्त, म्हणजे जाती, हे धरून चाला.

हे ओळखायला चार ओळी पुरतात. प्रत्येक ओळीपुढे दोन आकडे लिहायचे, अक्षरं आणि मात्रा (उच्चाराला लागणाऱ्या वेळाचं माप). अक्षरंही सारखी आणि लघुगुरूंचा (लघु म्हणजे एका मात्रेचं अक्षर, गुरू म्हणजे दोन मात्रांचं) क्रमही सारखा, तर अक्षरगणवृत्त. वसंततिलकेची १४ अक्षरं त-भ-ज-ज-ग-ग अशीच येणार. अक्षरं सारखी पण लघुगुरूंना शिस्त नाही, तर अभंग-ओवीसारखा अक्षरछंद. मात्रा सारख्या आणि अक्षरं कमीजास्त, तर जाती. दोन्ही आकडे विस्कटलेले असतील तरच मुक्तछंदाचा विचार करायचा, तोही चालीत म्हणून पाहिल्यानंतर. दुसऱ्या ओळीत २२ अक्षरं आली हा निव्वळ योगायोग. एका ओळीवरून छंद ठरवला की असंच फसायला होतं. आणि गण पाडणं हे अक्षरगणवृत्ताचं हत्यार आहे. जातीवर ते चालवलं तर प्रत्येक ओळीत वेगळं काहीतरी निघणारच, त्यात तुमचा दोष नाही.

आता ते ३१ आणि २९. तुम्ही कविता कुठून उतरवून घेतली ते लिहिलं नाहीत, पण आकड्यांवरून अंदाज येतो. फिरत्या पाठांत या कवितेचे ऱ्हस्वदीर्घ फार बिघडलेले असतात. पहिली ओळ ‘हिरवळ दाटे चोहीकडे’ अशी उतरवली असेल तर ३१ भरतात. कवितेत ‘चोहिकडे’ आहे, ‘हि’ ऱ्हस्व. दुसऱ्या ओळीत ‘क्षणात फिरुनि ऊन पडे’ घेतलं तर २९ होतात, तिथे ‘फिरुनी’ दीर्घ हवं. चौथीत ‘कुणी भासे’ नाही, ‘कुणि भासे’. पुढेही अशाच जागा आहेत : ‘गोपही गाणी’ऐवजी ‘गोपहि गाणी’, ‘घेऊनि’ऐवजी ‘घेउनि’, ‘माईना’ऐवजी ‘माइना’, आणि ‘ग्रहगोलचि’च्या पुढचा ‘की’ दीर्घ. गद्यात शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायची आपल्याला सवय लागलेली असते. टाइप करणाऱ्याचा हात आपोआप ‘कुणि’चं ‘कुणी’ करतो आणि ओळ एका मात्रेने फुगते. म्हणून मात्रा मोजायच्या आधी छापील संग्रहातून कविता हाताने उतरवून घ्या. छापील प्रतीतही एखादी ओळ अडली तर आकडाच तुम्हाला सांगेल की गडबड कुठल्या अक्षरात आहे. प्रकल्पात याचा एक परिच्छेद जरूर करा. वृत्तावरून पाठ तपासता येतो हे दाखवणारा विद्यार्थी विरळाच.

पहिली ओळ इथे मोजून दाखवतो, बाकीच्या तुम्ही मोजा. ऱ्हस्व स्वराची (अ, इ, उ, ऋ) १ मात्रा, दीर्घाच्या २. उच्चारला जाणारा अनुस्वार असेल तर २. पुढच्या जोडाक्षराचा आघात येत असेल तर आधीच्या ऱ्हस्व अक्षराच्याही २.

श्रा २, व १, ण १, मा २, सी २. झाले ८.
ह २, र्ष १, मा २, न १, सी २. झाले ८.
हि १, र १, व १, ळ १, दा २, टे २. झाले ८.
चो २, हि १, क १, डे २. झाले ६.

एकूण ३०. ‘हर्ष’मधला ‘ह’ ऱ्हस्व असूनही त्याला २ दिल्या, कारण ‘र्ष’चा जोर त्याच्यावर पडतो. ‘श्रा’च्या २ आहेत त्या आकारामुळे, जोडाक्षरामुळे नाहीत, जोडाक्षर स्वतःला जड करत नाही, आधीच्याला करतं. दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीचा ‘क्ष’ म्हणूनच १ मात्रेचा. पुष्कळ जण तिथे २ धरतात आणि मग ओळ का फुगली म्हणून डोकं खाजवत बसतात.

मोजणी तपासायची एक सोपी युक्ती आहे. मात्रांतून अक्षरं वजा केली की ओळीत गुरू किती ते निघतं. पहिल्या ओळीत ३० वजा २० म्हणजे १० गुरू. मोजा : श्रा, मा, सी, ह, मा, सी, दा, टे, चो, डे. बरोबर १०. दोन्ही बाजूंनी आकडा जुळला तरच पुढच्या ओळीकडे जायचं.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या आघाताच्या बाबतीत. ‘सुंदर हरिणी हिरव्या कुरणी’ घ्या. नियम डोळे मिटून लावला तर ‘व्या’च्या आधीचा ‘र’ गुरू होतो, ‘हिरव्या’च्या ५ मात्रा होतात आणि तुकडा ९ वर जातो. पण ‘हिरव्या’ तोंडाने म्हणून पाहा. जीभ ‘र’वर टेकत नाही, सरळ ‘व्या’वर जाते. आघात नाही म्हणून ‘र’ लघु, शब्दाच्या ४ मात्रा, तुकडा ८. शेवटच्या ओळीतल्या ‘महिन्या’मध्ये ‘हि’ लघु राहतो तो याच कारणाने. च्या, ल्या, व्या, न्या, ऱ्या, म्ह, न्ह अशा मराठी वळणाच्या जोडाक्षरांआधी बहुधा आघात नसतो. हर्ष, रम्य, शुद्ध, कल्प अशा तत्सम शब्दांत तो स्पष्ट ऐकू येतो. शंका आली तर कान प्रमाण.

संस्कृत वृत्तात हीच गोष्ट वेगळी चालते, आणि तुमचा विषय ऋतूंचा असल्यामुळे तुलनेला उदाहरणही हाताशी आहे. मेघदूतातलं ‘आषाढस्य प्रथमदिवसे’. मेघदूताच्या मंदाक्रांता वृत्तात पहिली चार अक्षरं गुरू लागतात : आ, षा, ढ, स्य. यातला ‘स्य’ गुरू होतो तो पुढच्या शब्दातल्या ‘प्र’मुळे. म्हणजे शब्दाची सीमा ओलांडूनही आघात लागू होतो. बालकवींच्या ‘वाचुनि घ्यावे’मध्ये ‘घ्या’ जोडाक्षर आहे, तरी आधीचा ‘नि’ लघुच राहतो. वा २, चु १, नि १, घ्या २, वे २, झाले ८. एवढा एक दाखला दिलात तर मराठी आणि संस्कृत मोजणीतला फरक समजलाय हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता नाव. ८+८+८+६ अशा ३० मात्रांच्या जातीला हरिभगिनी म्हणतात. ८ मात्रांची आवर्तनं (पुन्हा पुन्हा येणारे ठेक्याचे तुकडे) असल्यामुळे ती पद्मावर्तनी गटात येते. नाव एका वाक्यात उरका. सरांना हवं ते विश्लेषण यानंतर सुरू होतं : या साच्यात कवी काय काय करतो, साचा कुठे घट्ट धरतो, कुठे सैल सोडतो आणि त्याने वाचताना काय होतं.

त्यासाठी टाळी वाजवून म्हणा. पहिल्या, नवव्या, सतराव्या आणि पंचविसाव्या मात्रेवर टाळी. पहिल्या ओळीत ती श्रा, ह, हि, चो यांवर येते. शेवटचा तुकडा ६ मात्रांचाच असल्यामुळे ‘चोहिकडे’नंतर २ मात्रांची उसंत राहते आणि चौथं आवर्तन त्या उसंतीने पुरं होतं. श्वास घ्यायची जागा तीच. वाचताना ती उसंत गिळली तर पुढच्या ओळीची टाळी आधीच पडते, सगळा ठेका ढासळतो. एक मात्र सांभाळा. कविता म्हणायची एखादी चाल डोक्यात बसलेली असेल तर ती विसरून, बोलीच्या लयीत म्हणून मोजा. चालीत अक्षरं ताणली जातात, ‘पडे’चं ‘पडेऽऽ’ होतं, आणि तो ताण तुम्ही मात्रांत धरून बसता.

टाळीबरोबर एक गोष्ट लक्षात येईल. बहुतेक ओळींत आठ मात्रा पुऱ्या होतात तिथे शब्दही पुरा होतो. पाच ओळींत तसं होत नाही. त्यातल्या दोन ठिकाणी फोड सामासिक शब्दाच्या सांध्यावर पडते, ‘संध्या|राग’ आणि ‘भामा|रोष’, त्यामुळे कानाला खटकत नाही. खऱ्या अर्थाने शब्द मधोमध तुटतो तो तीन ओळींत : ‘झालासा सू|र्यास्त वाटतो’, ‘रम्य फुले पत्|री खुडती’ आणि ‘श्रावणमहिन्या|चे गीत’. इथे चूक शोधू नका. जातीत आवर्तन महत्त्वाचं, शब्द तिथे संपलाच पाहिजे असं बंधन नाही. टाळी ‘र्या’वर पडते आणि ओळ बिनबोभाट पुढे जाते. उलट दर आठ मात्रांनी शब्द संपतच राहिला असता तर वीस ओळींत ठेका कंटाळवाणा झाला असता.

तुमच्या प्रकल्पाचा गाभा मात्र पाचवी-सहावी ओळ असायला हवी. तुम्ही १८ आणि २३ हे आकडे लिहिलेत, पण ओळी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

झालासा सूर्यास्त वाटतो सांज अहाहा तो उघडे
तरुशिखरांवर उंच घरांवर पिवळे पिवळे ऊन पडे

दोन्हींत मात्रा ३०. पण पहिलीत १८ अक्षरं, म्हणजे १२ गुरू आणि ६ लघु. दुसरीत २३, म्हणजे ७ गुरू आणि १६ लघु. मात्रांची थैली तीच, एकीत मोठी नाणी, दुसरीत चिल्लर. ‘झालासा सू’ ही लागोपाठ चार गुरू अक्षरं आहेत. तोंड भरून, सावकाश म्हणावी लागतात, आणि ओळीचा अर्थही सूर्य मावळल्याचा भास हाच आहे. मग ‘तो उघडे’ येतं, आणि पुढच्या ओळीत ‘तरुशिखरांवर’ म्हणताना जीभ चार लघूंवरून पळत सुटते. ऊन झाडांच्या शेंड्यांवरून घरांच्या माथ्यांवर उड्या मारत जातं तशी. दुसऱ्या ओळीत ‘सरसर शिरवे’मध्ये लागोपाठ सहा लघु आहेत, सर पडण्याचा वेग तिथे आवाजातच उतरलाय. ‘नादमाधुर्य’ हा शब्द प्रकल्पात एकदाही न वापरता एवढं सगळं आकड्यांनिशी लिहिता येतं.

ओळीच्या शेपटाकडेही बघा. शेवटच्या सहा मात्रांचा लघुगुरूक्रम लिहून काढा. चोहिकडे, ऊन पडे, राग पहा, रूप महा, एकमते, बागडती, मावळला : सगळीकडे गा-ल-ल-गा (गा म्हणजे गुरू, ल म्हणजे लघु). जातीचा नियम सहा मात्रा एवढंच मागतो, क्रम मागत नाही, तरी २० पैकी १५ ओळी याच क्रमाने संपतात. वेगळ्या पाचच : विणलासे, कुणि भासे, दरवळला, आणि शेवटच्या दोन. कवितेला झुला मिळतो तो या ठरलेल्या शेपटामुळे. आधीच्या २४ मात्रा हव्या तशा लहरतात आणि शेवटी प्रत्येक ओळ त्याच पायरीवर पाय टेकते.

आता तुमचं यमकाचं कोडं. तुमचा कान खोटं बोलत नाही. ‘हृदयात’ आणि ‘गीत’ यांत फक्त ‘त’ जुळतो. त्याआधी एकीकडे आ, दुसरीकडे ई. यमक तपासताना शेवटचं अक्षर आणि त्याच्या आधीचा स्वर, दोन्ही जुळतात का ते पाहायचं. ही कसोटी दहाही द्विपदींना लावा. कडे-पडे, विणलासे-भासे, उघडे-पडे, पहा-महा, दरवळला-मावळला, मती-खुडती : सहा जोड्या पक्क्या. ‘माळचि ते’-‘एकमते’, ‘सावरिती’-‘बागडती’, ‘फिरे’-‘सुरे’ : तीन सैल, शेवटचं अक्षर सारखं पण आधीचा स्वर निराळा. आणि ‘हृदयात’-‘गीत’ सगळ्यांत सैल. शिवाय याच दोन ओळी लघु अक्षरावर संपतात, बाकीच्या अठरा गुरूवर. शेवटच्या तुकड्यात त्यामुळे पाचच मात्रा दिसतात. ओळीच्या शेवटचा लघु गुरू मानायची मुभा असते, ती इथे वापरलीय असं नोंदवा, म्हणजे ३० चा हिशोब पुरा होतो.

‘बालकवी चुकले’ हेही लिहायचं नाही आणि ‘बालकवींनी मुद्दाम केलं’ हेही नाही. दुसऱ्याला पुरावा नाही, पहिल्याने विश्लेषण तिथेच संपतं. जे दिसतं ते लिहा. आणि दिसतं ते बरंच मजेदार आहे. ती ओळ पुन्हा म्हणा :

देवदर्शना निघती ललना हर्ष माइना हृदयात

टाळीच्या तीनही तुकड्यांचा शेवट : ना, ना, ना. ओळीच्या टोकाला यमक सगळ्यांत ढिलं असलेली ही द्विपदी ओळीच्या आत सगळ्यांत घट्ट बांधलेली आहे. या आतल्या यमकाची तयारी कविता पहिल्या ओळीपासून करत आलीय : ‘मासी’-‘मानसी’. नंतर ‘शिखरांवर’-‘घरांवर’, ‘उठती वरती’-‘जलदांवरती’, ‘हरिणी’-‘कुरणी’, ‘बाला’-‘फुलमाला’. यातलं प्रत्येक यमक आठव्या आणि सोळाव्या मात्रेवर, म्हणजे तुकडा संपतो तिथेच पडतं. ‘रानी’-‘गाणी’ तेवढं सोळाव्या आणि चोविसाव्यावर, तेही न-ण असं अर्धवट. एका ओळीत दोनच, असं चालत आलेलं यमक एकोणिसाव्या ओळीत तीन होतं. मंदिराकडे निघालेल्या बायकांच्या घोळक्याला अशी ओळ मिळावी, हे कौतुक तुम्ही एका वाक्यात करून घ्यायला हरकत नाही. याच ओळीत आकडेवारी आणि रसग्रहण एकत्र येतात, तेव्हा प्रकल्पातला यमकाचा परिच्छेद हिच्यावरच संपवा.

यमकात आणखी एक धागा आहे. पहिल्या आणि तिसऱ्या द्विपदीचं यमक एकच, ‘-अडे’, आणि दोन्हींचा शेवट ‘ऊन पडे’ या त्याच शब्दांवर. शाळेत याला कदाचित पुनरुक्ती म्हणाल. पण पहिलं ऊन सर ओसरल्यावरचं, दुसरं संध्याकाळ झाल्याचा भास मोडणारं. ध्रुवपद नसलेल्या कवितेत ही दोन शब्दांची हाक-प्रतिहाक ध्रुवपदाचं काम करून जाते.

घाट, म्हणजे रचनेचा आकार, यावर फार लांबण लावू नका. दहा द्विपदी, कडवी नाहीत, ध्रुवपद नाही. नुसतं ‘निसर्गकविता’ किंवा ‘भावगीत’ म्हटलं म्हणजे घाट सांगून झाला असं नाही, तो विषयाचा नि प्रकाराचा उल्लेख झाला. घाट सांगायचा तर नजर कुठून कुठे जाते ते ओळींच्या क्रमांकांनिशी दाखवा. पहिल्या ओळीत जमिनीवरची हिरवळ आहे, पण तिसऱ्या ओळीतल्या ‘वरती बघता’नंतर नजर आभाळात जाते ती तिथेच रेंगाळते : इंद्रधनुष्य, तोरण, ऊन, संध्याराग. पाचव्या द्विपदीत बगळ्यांची रांग उडते आणि ‘उतरुनि येती अवनीवरती’. दहापैकी पाचवी द्विपदी, ओळ दहावी, कवितेचा बरोबर मध्य. बगळ्यांबरोबर आपणही खाली उतरतो आणि मग पाखरं, हरिणी, खिल्लारं, गुराखी, चाफा-केवडा, फुलं खुडणाऱ्या मुली, देवाला निघालेल्या स्त्रिया. शेवटी श्रावणाचं गीत माणसाच्या चेहऱ्यावर वाचायला मिळतं. वृत्त मधे कुठेही बदलत नाही. एकच ३० मात्रांची ओळ आभाळालाही पुरते आणि परडीलाही. वृत्त आणि घाट एकमेकांना इथे जोडता येतात, तेवढे जोडा.

१५०० शब्दांची वाटणी साधारण अशी करा. पाठ कुठला घेतला आणि कुठल्या जागी ऱ्हस्वदीर्घ तपासले, १५०. वृत्त ओळखण्याची रीत, दोन ओळींची पूर्ण मोजणी आणि आघाताचा ‘हिरव्या’चा दाखला, ३५०. लयीचं विश्लेषण, म्हणजे पाचवी-सहावी ओळ, शेपटाचा गा-ल-ल-गा, तुटणारे शब्द, ४५०. यमक, ३५०. घाट, २००. सगळ्या वीस ओळींची मोजणी परिशिष्टात तक्ता करून जोडा : ओळ, अक्षरं, मात्रा, गुरू, यमकाचे शब्द. मुख्य मजकुरात वीस ओळी मोजत बसलात तर वाचणारा तिसऱ्या ओळीला पान उलटेल. बालकवी १९१८ साली गेले, त्यामुळे कविता पूर्ण छापायलाही अडचण नाही. ती पहिल्याच पानावर ओळींना क्रमांक देऊन टाका आणि पुढे सगळीकडे क्रमांकानेच बोला.

लिहिताना एकच कसोटी ठेवा : वाक्यातून ‘श्रावणमास’ काढून दुसरी कुठलीही कविता घातली तर वाक्य तसंच खरं राहतं का? ‘यमकामुळे कवितेला गेयता आली आहे’ हे वाक्य हजार कवितांना चालतं, म्हणून ते इथे नको. ‘सहाव्या ओळीत १६ लघु आहेत, पाचवीत ६, ऊन पडताच ओळ हलकी होते’ हे दुसऱ्या कुणाला चालणार नाही.

अर्थ किती ताणायचा यालाही मर्यादा आहे. ‘सूर्यास्त’ हा शब्द आवर्तनाच्या सीमेवर तुटतो आणि सूर्यास्तही खोटाच निघतो, हे वाचून तुम्हाला मोह होईल की तुटणं हे त्या भासाचं चिन्ह आहे असं लिहावं. पण ‘पत्री’ आणि ‘महिन्याचे’ हे शब्दही तसेच तुटतात आणि तिथे भासबीस काही नाही. एका जागी लागू पडणारं स्पष्टीकरण तसल्याच दुसऱ्या जागी पडत नसेल तर ते सोडून द्यायचं. लघुगुरूंच्या वजनाबद्दल मात्र बिनधास्त लिहा, ते कुणीही मोठ्याने वाचून पडताळू शकतो.

तोंडी परीक्षेत बहुतेक ‘हिला अभंग का म्हणायचं नाही?’ हा प्रश्न येईल. पहिल्या सहा ओळींची अक्षरं २०, २२, २०, २०, १८, २३ आणि मात्रा सहाही ठिकाणी ३०, एवढं सांगितलं की पुरे. त्यानंतर कविता म्हणायला लावलीच तर पहिल्या ओळीतला ‘हि’ ऱ्हस्व म्हणा आणि ‘चोहिकडे’पुढे दोन मात्रा थांबा.